डब्यातला बटाटा : एका बियाण्याची कुळकथा

आपल्या रेल्वे कॉलनीत गेल्या चार-पाच हिवाळ्यांपासून एक हौस चांगलीच रुजली आहे, ती म्हणजे डब्यात बटाटे लावण्याची. कुणाच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्या, कुणाच्या गच्चीवर तेलाचे पंधरा किलोचे डबे, तर कुणी सिमेंटच्या गोणीच्या कडा दुमडून तिचीच कुंडी केलेली. वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी यावर तावातावाने चर्चा होते. डबा किती लिटरचा असावा, भोके तळाला पाडावीत की बाजूला, गोणी बरी की बादली? पण ‘बी कुठून आणलेस?’ असे कुणी कुणाला विचारलेले मी फारसे ऐकलेले नाही. भाजीच्या टोपलीत कोंब आलेला बटाटा सापडला की तोच मातीत जातो. मी शेतीचा पदवीधर नाही, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला माणूस. पण या पिकाविषयी जमेल तिथून मिळवून वाचत गेलो, तसे माझे मत पक्के होत गेले की बटाट्याचा सारा इतिहास हा त्याच्या बियाण्याचा इतिहास आहे. डब्याचा प्रश्न अगदी दुय्यम. ते मत या लेखात वाचकांपुढे ठेवतो.

आधी डबाच का, ते सांगतो. मी मूळचा रत्नागिरीकडचा. नोकरी लागून पहिल्यांदा खरगपूरला उतरलो आणि स्टेशनाबाहेरची लाल माती पाहून घरचीच आठवण झाली. हा जांभाच! आपल्या कोकणातला दगड असा बंगालमध्ये भेटेल असे वाटले नव्हते. ओळखीचा असला तरी बटाट्याला तो काही उपयोगाचा नाही. पावसाळ्यात चिकट, हिवाळ्यात कुदळ उडवून लावणारा. बटाट्याला लागते भुसभुशीत जमीन, कारण त्याला आत फुगायला जागा हवी असते. आपल्याच जिल्ह्यात गडबेता, चंद्रकोना या बाजूला गेलात तर मैलोन्‌मैल बटाटा दिसेल, पण ती माती वेगळी. कॉलनीत बटाटा घ्यायचा तर बाहेरून माती आणून डबा भरण्याला पर्याय नाही.

आता बियाण्याची गोष्ट. गहू, वाटाणा, भेंडी यांचे बी फुलातून तयार होते. बटाटा लावताना आपण बी लावतच नाही, मागच्या पिकाचा कंद लावतो. त्याच्या डोळ्यातून कोंब येतो आणि झाड होते. म्हणजे नवे झाड हे जुन्या झाडाचे मूल नसते, ते जुने झाडच असते, पुन्हा उगवलेले. आमच्या ऑफिसात एखाद्या जुन्या ड्रॉइंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स काढत गेले की एक वेळ अशी येते की मापे वाचता येत नाहीत. बटाट्याचे तसेच होते. झाडाला एकदा विषाणू लागला की तो कंदात उतरतो, कंदातून पुढच्या झाडात जातो आणि दरवर्षी थोडा थोडा वाढतो. वरून कंद गुळगुळीत, देखणा दिसतो. पाने आखडतात आणि उत्पन्न निम्म्यावर येते तेव्हा कळते. फुलातून आलेल्या खऱ्या बियांत बहुतेक रोग उतरत नाहीत. निसर्गाने ठेवलेली ही गाळणी कंद लावताना आपण वगळतो, आणि पुढे जे काही घडले ते यातूनच घडले.

बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या पठारांवर. सात-आठ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रानटी कडू कंदातून तो माणसाळवला. मला त्यांचे कौतुक एका गोष्टीसाठी वाटते. त्यांनी कधी एकच बटाटा लावला नाही. एकाच शेतात लाल, जांभळे, काळे, वाकडे, कडू असे कितीतरी प्रकार शेजारी शेजारी. एक थंडीने गेला तर दुसरा राहील, एकाला कीड लागली तर तिसरा तरेल. कडू बटाटे रात्रीच्या हिमात गोठवून, दिवसा उन्हात ठेवून, पायांनी तुडवून त्यातले पाणी काढायचे आणि वाळवून वर्षानुवर्षे साठवायचे, हेही त्यांचेच तंत्र. त्याला ते ‘चुन्यो’ म्हणतात.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे गेले आणि बटाटा अटलांटिक ओलांडून आला. त्याच्या प्रवासाची अगदी जुनी लेखी नोंद १५६७ ची आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरून अँटवर्पला पाठवलेल्या मालात बटाटे होते आणि ते पिंपांत भरलेले होते! डब्यातल्या बटाट्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी. १५८८ मध्ये व्हिएन्नात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला भेट म्हणून दोन कंद मिळाले. म्हणजे युरोपात हे पीक मूठभर कंदांतून पसरत गेले. अँडीजमधल्या त्या रंगीबेरंगी गोतावळ्यातले फारच थोडे सदस्य इकडे आले, बाकी तिकडेच राहिले.

युरोपात कितीतरी काळ बटाटा शेतात नव्हे, परसात होता. नांगर नाही, बैल-घोडे नाहीत, फावड्याने खणून लावायचा. त्याचा गरिबाला एक फायदाही होता. शेतातल्या धान्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. परसातल्या, हाताने खणलेल्या भाजीकडे अनेक ठिकाणी वसूल करणाऱ्यांचे लक्ष जात नसे. शिवाय सैन्य गावात शिरले तर कोठारातले धान्य लुटून नेते, जमिनीखालचे बटाटे खणत बसायला त्याला वेळ नसतो. छोट्या जागेत, हाताच्या कष्टाने, घरापुरते अन्न हे या पिकाचे मूळ रूप. गॅलरीतली बादली ही काही नवलाची गोष्ट नाही.

आयर्लंडमध्ये मात्र या गुणाचाच घात झाला. जमीन जमीनदारांची, कुळाकडे तुकडाभर. तेवढ्यावर कुटुंब जगवेल असे पीक एकच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गोरगरिबांनी ‘लंपर’ नावाचा एकच वाण धरला, कारण तो हलक्या जमिनीत भरपूर येई. मैलोन्‌मैल एकच झाड, त्याच एका कंदाच्या झेरॉक्सप्रती! १८४५ मध्ये अमेरिकेकडून आलेला करपा युरोपात पसरला. बेल्जियम-हॉलंडमध्येही पीक गेले, हाल झाले. पण आयर्लंडमध्ये लाखो लोकांच्या ताटात दुसरे काही नव्हतेच. १८४६ मध्ये पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते, हेही विसरता येत नाही. दोष एकट्या बुरशीचा नव्हता. पण लंपरच्या जागी चार-सहा निरनिराळे वाण असते तर बुरशीला इतके सोपे गेले नसते.

आपल्याकडे बटाटा आणला पोर्तुगीजांनी, पश्चिम किनाऱ्यावर. त्याचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. हिंदी, बंगालीत ‘आलू’, आणि आपण मराठी-गुजराती माणसे ‘बटाटा’ म्हणतो तो सरळ पोर्तुगीज शब्द. गंमत म्हणजे ‘बटाटा’ हे कॅरिबियन बेटांवरचे मूळ नाव रताळ्याचे! युरोपीय लोकांनी दोन्ही कंदांची नावे एकमेकांत मिसळली. म्हणून सतराव्या शतकातल्या प्रवाशांच्या लिखाणात हिंदुस्थानात ‘पोटॅटो’ खाल्ल्याचा उल्लेख आला तर तो बटाटा की रताळे यावर अभ्यासकांत वाद होतो. उपासाच्या ताटात दोघेही शेजारी बसतात, आणि सोबतची मिरची, शेंगदाणे, साबुदाणा यांचीही मूळ गावे अमेरिकेतच. आमचे एकादशीचे ताट म्हणजे कोलंबसानंतरचा इतिहास आहे. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा आपला नियम. डब्यातल्या बटाट्याला तर बैल लागतच नाही, मग तो चालायला काय हरकत आहे, असे मी एकदा आईला विचारले. ती म्हणाली, ‘अरे, ऋषींना बटाटा ठाऊक तरी होता का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

इंग्रजांच्या अमलात बटाटा बंगालमध्ये आणि डोंगरी ठाण्यांवर पसरला. या संदर्भात एका गृहस्थाचे नाव आपण मराठी माणसांनी आवर्जून घ्यायला हवे, ते म्हणजे विल्यम कॅरी. हावड्याहून लोकलने जाताना श्रीरामपूर स्टेशन लागते, तिथे त्यांचे वास्तव्य होते. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये निघाला, तोही मोडी अक्षरांत. याच कॅरींच्या पुढाकाराने १८२० मध्ये कोलकात्यात शेती व बागायतीची संस्था स्थापन झाली. देशी माळ्यांनी विलायती भाज्या उत्तम पिकवाव्यात म्हणून ती उत्तेजन देत असे. हुगळीकाठच्या भाजीमळ्यांत बटाटा मुरला तो याच काळात.

पण बटाटा कधी एकटा येत नाही. निलगिरीत १८७० ते १८८० च्या दरम्यान करपा दिसला, दार्जिलिंगला १८८३ मध्ये. मुंबई इलाख्यात बियाण्याचा बटाटा तेव्हा इटलीहून बोटीने येई. १९०६ च्या सुमारास त्याच बियाण्यातून कंद पोखरणाऱ्या अळीचा पतंग इकडे उतरला आणि पुणे भागातल्या शेतकऱ्यांच्या आरणीत शिरला. ज्यांनी मंचर, खेड, सातगाव पठार हा भाग पाहिला आहे त्यांना आरण ठाऊक असेल. झाडाच्या सावलीत बटाट्याची रास घालून वर पाला पसरतात, ती. आरण गार राहते, पण पतंगाला अडवत नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचा बारकाईने अभ्यास केला, तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागर गावाची घरटी पाहणी करणारे ते हेच मॅन. आज त्या गावात बटाट्याच्या शेताऐवजी आयटीवाल्यांचे टॉवर आहेत.

आता थोडे आपल्या बिरादरीविषयी, म्हणजे रेल्वेवाल्यांविषयी. रुळांच्या कडेची चिंचोळी जमीन कुणाच्याच कामाची नसते, आणि तिथे राहणाऱ्या गँगमन, पॉइंट्समनला भाजी हवी असते. इंग्लंडात रेल्वे कंपन्या असे तुकडे आपल्या कामगारांना नाममात्र भाड्याने देत. जर्मनीतही रुळांलगतच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बागा जुन्या आहेत, त्यांची स्वतंत्र संघटनाही आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये इंग्लंडच्या सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी मोहीमच काढली. युद्धकाळात तिथे भाजीच्या अशा तुकड्यांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली आणि ज्यांना जमीन नव्हती त्यांनी खोकी, पिंपे, जे मिळेल ते मातीने भरले. बर्लिनमध्ये युद्ध संपल्यावर शहराच्या मधोमध असलेल्या टिअरगार्टन या प्रसिद्ध उद्यानातली झाडे जळणासाठी तुटली आणि त्या जागी लोकांनी बटाटे लावले.

आपल्याकडे १९४२-४३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. बंगालमध्ये त्यावेळी काय चालले होते ते इथल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला वादळ आणि पाठोपाठ १९४३ चा दुष्काळ. मोहीम सरली, पण नाव रेल्वेत राहिले. रेल्वेची मोकळी जमीन लागवडीसाठी लायसन्सवर देण्याची योजना आपल्याकडे ‘ग्रो मोअर फूड’ याच नावाने ओळखली जाते, हे इंजिनिअरिंग विभागातल्या मंडळींना सांगायला नको. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे एक जेवण सोडा असे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर घातला. शास्त्रीजी एकेकाळचे आपले रेल्वेमंत्री, १९५६ च्या अरियालूर अपघातानंतर राजीनामा देणारे. त्यांच्या शब्दाला कॉलन्यांतून वजन होते.

परंतु बियाण्याची किंमत काय असते, हे ज्या घटनेने मला कळले ती लेनिनग्राडची आहे. रशियाचे थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांनी जगभरातून पिकांचे वाण गोळा करून तिथे संस्था उभारली होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ नंतर अँडीज पालथे घालून शेकडो प्रकारचे बटाटे आणले होते, युरोपात कधी न आलेले ते मूळचे रंगीबेरंगी गणगोत. हे कंद शहराबाहेर पाव्हलोव्स्क इथल्या शेतात दरवर्षी लावावे लागत, कारण कंद काही धान्यासारखा डब्यात दहा वर्षे राहत नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजा पाव्हलोव्स्कपर्यंत आल्या. अब्राम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्यात शेतातले कंद खणून काढले आणि जमतील तेवढे शहरात, सेंट आयझॅक चौकातल्या संस्थेच्या तळघरात आणले. कामेराझ पुढे सैन्यात गेले. वोस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेखनोविच यांनी तो हिवाळा त्या कंदांसाठी घालवला.

वेढ्यात शहराला अन्न मिळेना. रोजचा रेशनचा पाव शंभर-सव्वाशे ग्रॅमवर आलेला. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. बटाटा शून्याखाली गेला की सडतो, म्हणून तळघर उबदार ठेवायला हवे आणि जळण नाही. खोकी, मोडके फर्निचर, पडक्या घरांतली लाकडे गोळा करून ते शेगडी पेटती ठेवत. उंदरांपासून आणि भुकेल्या माणसांपासूनही राखण करायची. स्वतः उपाशी, आणि समोर खोक्यांत बटाटे! त्या संस्थेत तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानोव तांदळाच्या पिशव्यांमध्ये बसून उपासमारीने गेले. आणखीही सहकारी गेले. खुद्द वाव्हिलोव स्टालिनच्या तुरुंगात होते, १९४३ च्या जानेवारीत साराटोव्हला तिथेच त्यांचा अंत झाला. बटाटे मात्र वाचले. १९४२ च्या वसंतात ते शहरातल्याच मोकळ्या जागांत लावले गेले. भाजीच्या टोपलीतला बटाटा आणि बियाण्याचा बटाटा यांत फरक काय, असे कुणी विचारले की मला हे तळघर आठवते.

आपल्या देशातले काम इतके नाट्यमय नाही, पण आपल्या ताटाच्या दृष्टीने त्याहून मोठे आहे. १९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, डॉ. एस. रामानुजम तिचे पहिले संचालक. १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. अडचण अशी होती की युरोपातले वाण उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांसाठी तयार झालेले, आणि आपण मैदानात बटाटा घेतो हिवाळ्यात, लहान दिवसांत. शिवाय मैदानातले बी दोन-चार वर्षांत विषाणूंनी खराब होते म्हणून दरवर्षी डोंगरातून आणायचे, आणि ते मैदानातल्या लागवडीच्या वेळी अजून झोपलेले असते, कोंबच धरत नाही.

हा पेच डॉ. पुष्करनाथ यांनी सोडवला, आणि त्यांची युक्ती एखाद्या चांगल्या टाइमटेबलसारखी आहे. विषाणू पसरवतो तो मावा, म्हणजे पानाखाली बसणारी ती बारीक हिरवी कीड. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फार कमी असतो आणि जानेवारीत वाढू लागतो. मग बियाण्याचे पीक ऑक्टोबरमध्येच लावायचे, मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा, कंद जमिनीतच साल पक्की होईपर्यंत ठेवायचे आणि काढून थेट शीतगृहात. ना महागडे औषध, ना यंत्र. मावा येण्याआधी गाडी स्टेशनातून सुटलेली! या पद्धतीमुळे पंजाब, उत्तर प्रदेशच्या मैदानात निरोगी बियाणे तयार होऊ लागले. आज बंगालचा शेतकरी लावतो ते बी बरेचसे पंजाबातून येते.

नव्या वाणांसाठी संकर करायला झाडाला फुले यावी लागतात. मैदानातल्या लहान दिवसांत बटाटा नीट फुलत नाही, शिमल्याजवळच्या कुफरीला फुलतो. म्हणून आपल्या सगळ्या वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागते. पहिले वाण १९५८ मध्ये आले. बंगालच्या बाजारात आपण ज्यांची नावे रोज ऐकतो ते चंद्रमुखी आणि ज्योती दोन्ही १९६८ चे. आमच्या खालच्या मजल्यावरचे बंगाली लोको पायलट आलूपोस्तोला चंद्रमुखीशिवाय दुसरा बटाटा आणला तर घरात तंटा होतो असे सांगतात. ज्योतीत करप्याला तोंड देण्याची ताकद एका रानटी अमेरिकन नातेवाइकाकडून घेतली होती, ती आता पुष्कळ उतरली आहे. करपा बदलत राहतो, तशी नवी वाणे काढत राहावी लागतात. साठहून अधिक झाली. भारत आज वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त बटाटा पिकवतो, चीनच्या खालोखाल.

इथे रेल्वेच्या माणसाला उद्देशून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती जरा कडक आहे. पास असतो, आपण दार्जिलिंगला जातो, उटीला जातो, आणि तिथले टपोरे बटाटे पाहून ‘लावायला’ म्हणून किलो-दोन किलो पिशवीत टाकतो. दार्जिलिंगच्या डोंगरात १९५० नंतर बटाट्याचा चामखीळ रोग सापडला. कंदावर फुलकोबीसारख्या गाठी येतात आणि रोगाचे बीज मातीत तीस-तीस वर्षे जिवंत राहते. त्यामुळे १९५९ मध्ये सरकारने तिथला बटाटा राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. निलगिरीत १९६१ मध्ये मुळांवर गाठी धरणारा सूत्रकृमी आढळला, तोही मातीत वर्षानुवर्षे टिकतो. २०१८ मध्ये याच सूत्रकृमीमुळे हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड इथल्या बियाण्याच्या वाहतुकीवरही केंद्राने बंधन घातले. कुफरी हिमाचलातच आहे, म्हणजे ज्या डोंगरावर देशाचे बियाणे घडले तोही सुटला नाही. पिशवीतल्या एका कंदाला चिकटलेली चिमूटभर माती पुरते. आपली बादली खराब झाली तर ओतून देता येईल. पण ती माती आपण ओततो कुठे? परसात, तिथून नाल्यात, आणि नाला जातो शेतांकडे.

अलीकडे गंमत अशी झाली आहे की शास्त्रज्ञच डब्याकडे वळले आहेत. प्रयोगशाळेत काचनळीत वाढवलेले रोगमुक्त रोप जाळीच्या घरात बंद पेटीवर लावतात. पेटीत माती नाहीच. मुळे अंधारात लोंबतात आणि त्यांच्यावर अन्नद्रव्याच्या पाण्याचे तुषार ठरावीक वेळाने उडतात. सुपारीएवढे कंद धरले की दार उघडून तोडायचे, पुन्हा बंद करायचे. मातीत एका रोपाला असे आठ-दहा कंद मिळतात, पेटीत तीस-चाळीस. तेच पुढे दोन-तीन वर्षे शेतात वाढवून शेतकऱ्याला बी म्हणून मिळतात. पंप, नोझल, टायमर, फिल्टर एवढाच मामला आहे, आपल्या वर्कशॉपमधला कुठलाही फिटर तो जुळवून देईल. नोझल तुंबले तर मात्र तासाभरात मुळे वाळतात.

आपल्या साध्या डब्यासाठी एवढे करायची गरज नाही. मी वीस लिटरच्या बादलीला तळाशी आठ-दहा भोके पाडतो, कंसावतीकाठची गाळमाती, वाळू आणि मुरलेले शेणखत सारखे मिसळतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बादली तिसरा हिस्सा भरून कोंब आलेले दोन कंद ठेवतो, अंड्याएवढे, अख्खे. झाड वीतभर झाले की मातीची भर, पुन्हा वीतभर झाले की पुन्हा. कंद लावलेल्या बटाट्याच्या वरच्या अंगाला धरतात म्हणून ही भर लागते. उघडे राहिले तर हिरवे पडतात, आणि हिरवा बटाटा खाऊ नये. रात्रीचा पारा वीसच्या खाली असला तरच कंद नीट धरतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये लावून निराश होऊ नका. एका गोणीत मणभर बटाटे निघतात अशा कहाण्या मोबाईलवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. मला गेल्या हिवाळ्यात आठ बादल्यांतून पावणेसात किलो मिळाले, माघी गणेश जयंतीच्या आसपास काढले. बाजारभावाने हिशेब केला तर आतबट्ट्याचाच व्यवहार, पण मातीत हात घालून पोरांनी एकेक बटाटा शोधून काढला त्याचा दर मंडईत लागत नाही.

राहता राहिले बी. प्रमाणित बियाण्याच्या पोत्याला निळे लेबल शिवलेले असते, त्यावर वाण आणि तपासणीची तारीख असते. अडचण इतकीच की पोते ५० किलोचे आणि घराला लागतात दीड-दोन डझन कंद. पन्नास किलोत साधारण हजार ते अकराशे कंद बसतात. घरटी सोळा धरले तर साठ-पासष्ट घरांचे काम एका पोत्यात होते, आणि आपल्या मंडळाची घरे जवळपास तेवढीच आहेत. यंदा एक पोते ज्योतीचे घ्यावे, आणि नावे जास्त आली तर अर्धे चंद्रमुखीचे दुसऱ्या कॉलनीशी वाटून घ्यावे, असा विचार आहे. ज्यांना हवे त्यांनी अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर मला वर्कशॉपमध्ये किंवा घरी येऊन नाव आणि बादल्यांची संख्या सांगावी. बी दिवाळीनंतर येईल, कोंब धरायला आठवडाभर सावलीत पसरून ठेवावे लागेल. त्यासाठी कुणाच्या घरी रिकामी खोली किंवा बंद व्हरांडा असेल तर तेही कळवावे.